हाताशी नसलेले झाकण

मित्रांनो, मी एक जुने झाकण आहे. हसू नका. नाव काही मोठे नाही, हे मलाही कळते. कढईला मान असतो, तव्याला मान असतो, साधा चमचासुद्धा ताटापर्यंत जाऊन येतो. झाकणाला कोण विचारते? भांडे उघडले की आम्ही बाजूला, भांडे रिकामे झाले की आम्ही कुठेतरी पालथे. झाकली मूठ सव्वा लाखाची असे तुम्ही म्हणता, पण त्यातही सगळे कौतुक मुठीचेच.

तरीही आज मी बोलणार आहे. एका दुपारी मला बोलता आले नाही, हाक मारता आली नाही, जागचे हलताही आले नाही. त्या दुपारची टोचणी अजून माझ्या मनात आहे. लोखंडाला कसले आले मन, असे तुम्ही म्हणाल. म्हणा.

माझा जन्म पत्र्याची कामे करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात झाला. एका जुन्या जाड पिंपाच्या बुडातून त्याने मला कापून काढले, ठोकून गोल केले आणि माझी कड आत वळवली. मला करायला सांगणारी बाई समोर कमरेवर हात ठेवून उभी होती. ती एका कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करत असे. तिथे तिला सगळे 'मोठ्याबाई' म्हणत, आणि त्या होत्याही तशाच, अंगाने आणि आवाजाने.

"कढईपेक्षा चांगलं चार बोटं मोठं कर," त्या म्हणाल्या, "आणि जड कर. हलकं झाकण वेळेला दगा देतं."

"बाई, झाकण करायचंय की रणगाडा?" म्हाताऱ्याने विचारले.

"रणगाडाच. फक्त वर मूठ लाव."

अशी मी खानावळीत दाखल झाले. तिथे तीन मोठ्या शेगड्या होत्या, धुराने काळवंडलेले छत होते आणि भोंगा वाजला की दोनशे माणसे एकदम भुकेली होत. मोठ्याबाईंच्या हाताखाली चार बायका होत्या. त्यांना मोठ्याबाईंनी मिठाचे प्रमाण नंतर शिकवले, आधी एक वाक्य पाठ करून घेतले, "तेल तापतंय, झाकण हाताशी." तेलाची कढई शेगडीवर चढली की मी शेजारच्या ओट्यावर उजव्या हाताला येऊन बसलेच पाहिजे. भिंतीवर नको, मांडणीवर नको, शेगडीच्या पलीकडे तर अजिबात नको. विस्तवावरून हात न्यावा लागला तर ते झाकण काय कामाचे, असे त्या म्हणत. मी जागेवर दिसले नाही तर सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज यायचा, "झाकण कुठंय?" आणि मी मिळेपर्यंत तेलाखाली विस्तव पेटत नसे.

बायका मागे हसत. एकीने तर माझे नाव 'बाईंची सवत' ठेवले होते. पण एकदा खरोखरच तेलाने पेट घेतला. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणाऱ्या मोठ्याबाई घटकाभर धान्य मोजून घ्यायला गेल्या होत्या आणि हाताखालच्या बाईला धूर दिसूनही काय करावे सुचले नाही. कढईतून ज्वाळा उठल्या. मोठ्याबाई परत आल्या, पण धावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. आधी शेगडी बंद केली. मग मला मुठीने उचलले, ढालीसारखे स्वतःच्या तोंडासमोर धरले आणि कडेकडेने सरकवत कढईवर बसवले. खाली आगीने एक-दोन धडका दिल्या, आणि वाराच मिळेना म्हटल्यावर ती गुदमरून मेली. कोणीतरी लगेच मला उचलून बघायला आले, तर त्याच्या हातावर फटका बसला. "गार होऊ दे. आत्ता उघडलंस तर ती परत उठेल."

त्या दिवशी कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्याबाई म्हणाल्या, "टाळ्या झाकणाला वाजवा." मग त्यांनी मला स्वतःच्या हाताने घासले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. पुढे त्या निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांनी विचारले, आठवण म्हणून काय हवे? सगळ्यांना वाटले, घड्याळ मागतील. त्यांनी मला मागितले.

अशी मी त्यांच्या घरी आले. तीन खोल्यांचे लहानसे घर. बाहेरची खोली, आतली निजायची खोली आणि त्यांच्यामध्ये दोन माणसे उभी राहिली की भरून जाणारे स्वयंपाकघर. घरात मोठ्याबाईंचा मुलगा, सून आणि नात. मुलगा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत असे. सून बाहेरच्या खोलीत शिवणकाम करत असे. नात दुसरीत होती आणि तिला सगळे ठकी म्हणत. इथली कढई माझ्या मानाने फारच लहान होती. डोके लिंबाएवढे आणि टोपी परातीएवढी, असे आमचे जोडपे दिसे. पण मोठ्याबाई म्हणाल्या, मोठे आहे तेच बरे, नेम धरावा लागत नाही.

घर बदलले तरी वाक्य बदलले नाही. मुलाने ते लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले होते की तो आईची नक्कल करत ते गाण्यासारखे म्हणे. "तेल तापतंय, झाकण हाताशी, आणि आई आमची उशाशी!" सगळे हसत, मोठ्याबाईसुद्धा. मीही मनात हसत असे. पाठांतर झाले म्हणजे धडा आला, अशी माझीही तेव्हा समजूत होती.

काही वर्षांनी माझी मूठ झिजून निखळली. मला भंगारात टाकतील म्हणून मी घाबरून गेले होते. पण सुनेने शिवणाच्या डब्यातून एक जुने लाकडी रीळ काढले, तिच्या आईच्या वेळचे. मुलाने लिफ्टच्या पेटीतला एक बोल्ट घालून ते माझ्या डोक्यावर घट्ट बसवले. लाकूड तापत नाही, हाताला छान बसते. मोठ्याबाईंनी दोनदा उचलून पाहिले आणि मान डोलावली. त्या दोघांची एकेक वस्तू आता माझ्या अंगावर होती. माझ्यासारखे नशीबवान झाकण दुसरे नसेल असे मला वाटले.

मग एका सकाळी मोठ्याबाई चहा गाळता गाळता खाली बसल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. त्यांचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. मित्रांनो, ज्या आवाजाने दोनशे माणसांची खानावळ हलत होती, त्या आवाजाचे 'ऊं, ऊं' एवढेच उरले. डोके मात्र पूर्वीसारखेच लख्ख होते. त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत, सुनेच्या कापडे बेतायच्या टेबलाला लागून टाकली. तिथून स्वयंपाकघराचे दार समोर दिसत असे. सून त्यांचे सगळे मायेने करी. वेणी घाली, भरवी, कूस बदलून देई. तिच्या सेवेत मी कधी खोट पाहिली नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचे ऐकून तुम्ही तिला बोल लावू नये.

सुनेची एक सवय होती. ती वेळ घड्याळावर मोजत नसे, शिवणीवर मोजत असे. दूध उतू जायला दोन शिवणी, भाजी शिजायला सहा. गॅसवर काही ठेवायचे आणि म्हणायचे, "एक शिवण मारून येते." मोठ्याबाई हिंडत्या-फिरत्या होत्या तोवर त्या गॅसपाशी उभ्या राहत आणि सुनेची शिवण कितीही लांबली तरी निभावून जाई. आता तिथे कोणी उभे नव्हते.

त्यातच एका खाण्याच्या दुकानाचे काम आले. उंच स्टुलांसाठी गोल गाद्या शिवायच्या होत्या, चाळीस. सुनेने टेबलावर कापड पसरले आणि गोल आखायला काहीतरी शोधू लागली. ताट लहान पडले, परात मोठी पडली. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला आणून कापडावर ठेवले, फीत लावली आणि आनंदाने ओरडलीच, "आई, बघा! शिवणीचं अर्धा इंच धरून अगदी बरोब्बर!"

मोठ्याबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या हसल्या नाहीत.

पहिल्या दिवशी सुनेने मला काम झाल्यावर परत ओट्यावर नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशीही नेले. तिसऱ्या दिवशी मी टेबलावरच राहिले. खडूने माझ्याभोवती रेघ ओढायची, मला उचलायचे, पुढे ठेवायचे, पुन्हा रेघ. माझी कड खडूने पांढरी झाली. खरे सांगू? मला ते काम आवडलेही. आयुष्यभर तेलाचा वास खाल्लेल्या मला नव्या कापडाचा वास मिळत होता आणि सून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आमच्या झाकणासारखा साचा बाजारात मिळायचा नाही." स्तुती कोणाला नको असते? मीही जरा चढले. माझी जागा सुटली आहे हे मला कळत होते, पण ते टोचत नव्हते.

मोठ्याबाईंना मात्र टोचत होते. सून कढई गॅसवर ठेवायला लागली की त्या डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवत. ऊं, ऊं.

"पंखा हवाय?" सून विचारी. पंखा लावी. पुन्हा ऊं, ऊं.

"पाणी?" पाणी देई. मोठ्याबाई तोंड फिरवत आणि पाणी उशीवर सांडे. पुन्हा बोट माझ्याकडे. सून माझ्याखालचे कापड त्यांच्या हाताला लावी. "हो, नवीन आहे. गार लागतं ना? रंग आवडला?" मोठ्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी येई. सुनेला वाटे, आजारपणाने माणूस हळवे होते. ती पदराने डोळे पुसून देई आणि कपाळावरून हात फिरवी.

मित्रांनो, त्या घरात ही गोष्ट नीट ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो. एकीला वाचा नव्हती आणि दुसरीला तर कधीच नव्हती. रोज दुपारी आम्ही एकमेकींकडे बघत पडून राहायचो. त्यांना मला उचलून नेता येत नव्हते आणि मला त्यांच्या हातात जाता येत नव्हते.

ती दुपार मला अजून क्षणाक्षणाने आठवते. गाद्यांचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता दुकानाचा टेम्पो येणार होता. खोलीत जिकडेतिकडे स्पंजाचे गोल तुकडे रचले होते. स्वयंपाकघराच्या दाराला सुनेने उरलेल्या झुळझुळीत कापडाचा पडदा शिवून लावला होता. मुलगा पहाटेची पाळी करून आतल्या खोलीत झोपला होता. ठकी शाळेतून यायची होती आणि सकाळी जाताना तिने आईकडून बटाट्याचे काप तळून द्यायचे वचन घेतले होते. सुनेने बटाटे कापून पाण्यात टाकले, कढईत तेल ओतले आणि लवकर तापावे म्हणून गॅस मोठा केला. मोठ्याबाईंनी डावा हात उचलला. ऊं.

"आलेच आई, एक शिवण मारून घेते," सून म्हणाली आणि मशीनवर बसली.

तिची चूक एवढीच. एक शिवण झाली. दुसरीच्या मध्यावर दोरा तुटला. तिने तो ओवला, तेवढ्यात खालची बॉबिन संपली. ती भरली. मग राहिलेली शिवण पुरी केली, आणि हात वळलाच आहे तर म्हणून तिसरी गादी पुढे ओढली. मशीनला मोटर होती. तिच्या घरघरीत बाकी काही ऐकू येत नसे. तिची पाठ दाराकडे होती.

आधी मला वास आला. तेल तापल्याचा वास आणि तेल जळायच्या आधीचा वास यांत फरक असतो. तो मला खानावळीपासून ठाऊक आहे. नंतर पडद्याच्या वरच्या फटीतून निळसर धूर आला. मी मोठ्याबाईंकडे पाहिले. त्यांनी तो पाहिला होता. त्या ओरडू लागल्या, पण मशीनपुढे त्यांच्या 'ऊं'ला कोण विचारतो! माझ्या अंगात पावशेरसुद्धा बळ असते तर मी त्या टेबलावरून उडी मारली असती. मी काय करणार? चार पदर कापडावर मी नुसती पडून होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, त्यातला बंब मी होते. सोमेश्वरी निदान दूर तरी असेल. माझ्यात आणि त्या कढईत दहा पावले होती.

मोठ्याबाईंनी डावा हात लांब केला. टेबलाच्या कडेवरून लोंबणाऱ्या कापडाचे टोक त्यांच्या बोटांना लागले, सुटले, पुन्हा लागले. त्यांनी ते मुठीत धरले आणि ओढले. मी बोटभर सरकले. त्यांनी पुन्हा ओढले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, मान थरथरत होती. तिसऱ्या ओढीला मी कडेवरून घसरले आणि फरशीवर पडले. असा आवाज झाला की मशीन थांबले.

सुटलो, असे मला वाटले. पण सून उठली ती कॉटकडे धावली. "आई! काय झालं? पडलात का? लागलं का कुठं?" तिने त्यांचा खांदा धरला, हात चाचपला, उशी सारखी केली. ती दाराकडे बघत नव्हती, मोठ्याबाईंकडे बघत होती. मायेने बघत होती आणि त्या मायेत वेळ जात होता. मोठ्याबाईंनी शेवटी तिचा हात झिडकारला आणि दाराकडे बोट केले. सुनेने मान वळवली. पडद्यामागे उजेड नाचत होता.

"अहो! अहो, उठा! आग!" ती ओरडत आत धावली. मी तिच्या पायाशी होते. ती माझ्यावरून उडी मारून गेली.

आत काय झाले ते मला पडद्याच्या फटीतून दिसले. तिने घाबरूनही शहाणपण केले. तोंड बाजूला करून, हात लांब करून गॅसचा खटका बंद केला. एवढे करून ती मागे फिरली असती तर बरेच वाचले असते. पण तेवढ्यात मुलगा झोपेतून उठून धावत आला. समोर आग, शेजारी बायको आणि ओट्यावर बटाट्यांचे पातेले, पाण्याने भरलेले. त्याने ते उचलले आणि कढईत उपडे केले.

मित्रांनो, पेटलेल्या तेलावर पाणी कधी टाकू नका. पाणी तेलाच्या खाली जाते, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ पेटते तेल वर भिरकावते. तसेच झाले. एक भपका छताला जाऊन भिडला. सुनेचा उजवा हात अजून खटक्यापाशी होता. तिची किंकाळी मी ऐकली. त्यानंतर मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, पण तो काही कानाआड होत नाही.

पडदा पेटला. मुलाने तिला बाहेर खेचले, पडदा हिसडून पायाखाली तुडवला. कढई अजून जळत होती. खोलीभर स्पंज आणि कापड, आणि कॉटवर उठता न येणारी आई. तो मध्येच उभा होता. हातांना काय करावे ते कळत नव्हते. मोठ्याबाई डाव्या मुठीने कॉटची पट्टी बडवत होत्या. ठक, ठक, ठक. त्याने वळून पाहिले. आईचे बोट खाली होते. बोटाच्या टोकाला मी होते.

त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरणार नाही. त्याला सगळे आठवले होते. त्याने माझे लाकडी रीळ पकडले, मला तोंडासमोर धरले आणि आत जाऊन कडेकडेने सरकवत कढईवर बसवले. अगदी आईने शिकवले होते तसे. खालून आगीने धडका दिल्या. मी जड होते, हलले नाही. थोड्या वेळाने खाली सगळे शांत झाले. माझे काम एवढेच होते. दहा पावलांचे आणि चार श्वासांचे काम.

त्याने मला उचलून पाहिले नाही. तो नळाकडे गेला. बायकोचा हात वाहत्या पाण्याखाली धरून उभा राहिला, कितीतरी वेळ. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला ठाऊक होतं गं. मला सगळं ठाऊक होतं."

ते खरेच होते. पण नुसते तोंडाला ठाऊक होते, हाताला नव्हते.

मग ते दवाखान्यात गेले. ठकी शाळेतून आली तेव्हा घरात शेजारीण होती, काळी भिंत होती, फरशीवर अर्धेकच्चे बटाट्याचे काप होते. ठकीने खाली बसून एकेक काप वेचला.

सुनेचा हात बरा झाला असे डॉक्टर म्हणतात. कातडी आली आहे. पण अंगठा आणि पहिली दोन बोटे पूर्वीसारखी मिटत नाहीत. कात्री धरता येत नाही, सुईत दोरा जात नाही. कापड आता तिचा नवरा कापतो आणि त्याने बेतलेल्या बाह्यांत माणसाचा हात जाईल की पाय, हे सांगता येत नाही, असे ती म्हणते. ती हसते तेव्हा तो हसत नाही. डॉक्टरांनी तिला दाबायला एक मऊ चेंडू दिला आहे. सासूही आपल्या मेलेल्या उजव्या हातात तसाच एक चेंडू घेऊन बसते. कधी कधी दोघी मिळून एक बटाटा सोलतात. एकीच्या डाव्या हातात बटाटा, दुसरीच्या डाव्या हातात सोलणे. सालापेक्षा बटाटाच जास्त जातो. मोठ्याबाईंच्या पापण्या तेव्हा ओल्या असतात. एवढे सगळे करून मी त्या बोटांसाठी काहीच करू शकले नाही. माझ्या जडपणाचा, माझ्या गोल घेराचा काय उपयोग झाला? वेळ गेल्यावर मी पोहोचले.

गाद्यांसाठी आता पुठ्ठ्याचा गोल आहे. मी स्वयंपाकघरात परत आले. मुलाने दाराशेजारच्या भिंतीत एक हूक ठोकला, गॅसपासून दूर पण हात लांब केला की लागेल असा, ठकीच्याही उंचीला येईल असा. पडदा पुन्हा लावला नाही. पहिल्याच दिवशी सुनेने मला हुकावर टांगले. मग तिने ठकीला हाक मारली आणि शिवणाचा खडू आणायला सांगितला. "माझ्याच्यानं नीट धरवत नाही. तू ओढ."

ठकीने भिंतीवर माझ्याभोवती रेघ ओढली, कापडावर आई ओढायची तशी. मला आधी कळेना, भिंतीला काय शिवायचे आहे! ते पुढे कळले.

परवाची गोष्ट. घासून झाल्यावर कोणीतरी मला खिडकीत वाळत ठेवले आणि तिथेच विसरले. दुपारी सुनेने कढई गॅसवर ठेवली, तेल ओतले, डाव्या हातात लायटर घेतला. बाहेर मोठ्याबाईंनी मान वर केली. मी जागेवर नव्हते. त्यांचा डावा हात पट्टी बडवायला वर उचललेला मला उघड्या दारातून दिसला. पुन्हा तेच, असे वाटले.

सुनेचा लायटर मध्येच थांबला. ती भिंतीकडे बघत होती. हुकाखाली खडूचा गोल होता आणि तो रिकामा होता. तिने लायटर खाली ठेवला. "झाकण कुठंय?" ती म्हणाली. मोठ्याने नव्हे, स्वतःशीच. मग खिडकीशी येऊन तिने मला उचलले, दोन्ही हातांनी, कारण एका हाताने आता तिला माझे वजन पेलत नाही. मला ओट्यावर उजवीकडे ठेवले आणि मगच गॅस पेटवला. तळण संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. मशीनवर एक गादी अर्धी शिवून पडली होती, ती तशीच पडून राहिली.

बाहेर मोठ्याबाईंनी वर उचललेला हात हळूच खाली ठेवला.

मित्रांनो, माझे एखादे भावंड तुमच्याही घरात असेल. कपाटाच्या तळाशी, कुंडीखाली, नाहीतर गॅसच्या पलीकडे, जिथे आगीवरून हात न्यावा लागेल. आज घरात तेल तापायच्या आधी ते कुठे आहे, एवढे जाऊन बघा. आम्हाला पाय नाहीत आणि ते तुम्हाला हाक मारणार नाही.